न केलेली सही

मीनाक्षी उमरेडकरला मी अठ्ठावीस वर्षं ओळखते. अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या हर्नडनला आमची अपार्टमेंट्स एकाच जिन्यावर होती, तिचं खाली, माझं वर. दोघींचे नवरे आयटीत आणि दोघी त्यांच्या व्हिसावर आलेल्या, म्हणजे नोकरी करायला मनाई. दुपारी जिन्यात बसून आम्ही एकमेकींच्या पोरांना भात भरवायचो आणि आपलं पुढे काय होणार याची काळजी करायचो. मी गणितात एमएस्सी होते. ती नागपूरला पोलिसांच्या ठसे विभागात चार वर्षं काम करून आली होती.

हे तिनं सांगितलं तेव्हा मी हसले होते. आपल्याकडे बाळाच्या बोटांवर शंख किती नि चक्रं किती हे आजीमावश्या बघतात, एवढीच माझी अक्कल. मीनाक्षी म्हणाली, "मी पण तेच बघते, फक्त भिंगातून. आणि पुढे राजयोग आहे असं सांगत नाही."

ग्रीन कार्डाला नऊ वर्षं लागली. त्या नऊ वर्षांत ती लायब्ररीतून ठशांवरची जाडजाड पुस्तकं आणून वाचायची, मुलगी केया शाळेत गेली की परीक्षांचा अभ्यास करायची. कार्ड हातात आलं त्याच वर्षी तिला शेजारच्या हॉलोवे काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, पोलीस प्रयोगशाळेत नोकरी लागली. चाळिसाव्या वर्षी पहिला अमेरिकन पगार! त्या दिवशी तिनं जिन्यातल्या सगळ्या बायकांना वडाभात खाऊ घातला.

काम साधं ऐकू येतं. गुन्ह्याच्या जागी सापडलेला ठसा आणि संशयिताचा ठसा शेजारी ठेवायचे, रेषा कुठे फुटतात, कुठे संपतात ते मोजायचं आणि तीनपैकी एक उत्तर द्यायचं. जुळतो. जुळत नाही. किंवा ठसा इतका अपुरा आहे की सांगता येत नाही. मीनाक्षी म्हणायची की पहिली दोन उत्तरं सगळ्यांना आवडतात, तिसरं कोणालाच आवडत नाही.

२०११च्या पावसाळी मे महिन्यात त्या काउंटीत एका पेट्रोल पंपावरच्या दुकानात लूट झाली आणि काउंटरवरचा माणूस मारला गेला. थंड पेयांच्या कपाटाच्या दारावर अर्धा पुसलेला एक ठसा मिळाला. चार दिवसांनी कार धुण्याच्या ठिकाणी काम करणारा डॅरेल हॉब्ज नावाचा चोवीस वर्षांचा माणूस पकडला गेला. काउंटीचा पोलीस प्रमुख रसेल ब्रॅकेट टीव्हीवर उभा राहिला आणि म्हणाला, "गुन्हेगाराचा ठसा आमच्याकडे आहे." तेव्हा तो ठसा मीनाक्षीच्या टेबलावर होता आणि तिचं काम अजून पुरं व्हायचं होतं.

तिनं दोन दिवस घेतले आणि अहवालात लिहिलं, "तुलनेस अपुरा."

तिसऱ्या दिवशी ब्रॅकेट स्वतः प्रयोगशाळेत आला. उंच, गोड बोलणारा माणूस. त्यानं खुर्ची ओढली, तिच्या मुलीची चौकशी केली. मग म्हणाला, "मीनाक्षी, मेलेल्या माणसाची बायको रोज मला फोन करते. तू पुन्हा एकदा बघ."

"मी तीनदा पाहिलंय."

"पाच ठिकाणी जुळतंय असं तूच नोंदवलंयस."

"पाच ठिकाणी जुळतंय, बाकीच्या ठिकाणी रेषाच दिसत नाहीत. न दिसणाऱ्या रेषेला मी काय म्हणू?"

"जुळतंय म्हण," तो म्हणाला. "मला निष्कर्ष बदलून हवाय. आज."

तिनं सही केली नाही. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या तपासनिसाकडून नवा अहवाल तयार झाला, 'जुळतो' म्हणून. पुढच्या सोमवारी मीनाक्षीची बदली रेकॉर्ड रूममध्ये झाली. भिंग गेलं, फायलींवर नंबर टाकण्याचं काम आलं. तिनं नियमाप्रमाणे लेखी तक्रार केली, त्यात पहिल्या अहवालाचा क्रमांक आणि तारीख घातली. तीन आठवड्यांनी ब्रॅकेटच्या सहीचं उत्तर आलं: "निष्कर्षात सुधारणा करण्याची माझी वाजवी विनंती श्रीमती उमरेडकर यांनी मानली नाही. बदली कायम."

दोन वर्षं तिनं फायलींवर नंबर टाकले, मग एका कॉलेजच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून नोकरी धरली. ठशांबद्दल ती पुन्हा बोलली नाही. मला वाटलं, जखम भरली.

ब्रॅकेट मात्र चढत गेला. काउंटीतून राज्यात, राज्यातून वॉशिंग्टनमध्ये. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीलाही एकदा पाहुणा म्हणून आला होता, मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षानं, गिरीशनं, त्याला शाल घातली होती. मीनाक्षी त्या संध्याकाळी मागच्या दारानं घरी गेली होती.

मग गेल्या वर्षी जानेवारीत बातमी आली. राष्ट्राध्यक्षांनी देशाच्या केंद्रीय तपास संस्थेच्या प्रमुखपदासाठी ब्रॅकेटचं नाव सुचवलं होतं. इथे अशा माणसाला सिनेटच्या समितीसमोर बसावं लागतं. सिनेटर शपथेवर त्याला प्रश्न विचारतात, मग मत देतात, मग पूर्ण सिनेट मत देते. हे सगळं टीव्हीवर दिसतं.

ती सुनावणी होती त्या दिवशी मी मीनाक्षीकडे होते. संध्याकाळी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि आम्ही तिळाच्या वड्या करत होतो. टीव्ही चालू होता, माझं अर्धं लक्ष पाकाकडे. एका सिनेटरबाईंनी विचारलं, "पोलीस प्रमुख असताना तुम्ही कधी प्रयोगशाळेला निष्कर्ष बदलायला सांगितलंत का?"

ब्रॅकेट शांतपणे म्हणाला, "कधीच नाही, सिनेटर. एकदाही नाही. विज्ञान पुढे, आम्ही मागे."

मीनाक्षीच्या हातातला झारा तसाच राहिला. पाक करपल्याचा वास आला तेव्हा मीच गॅस बंद केला.

"आश्लेषा," ती म्हणाली, "हा खोटं बोलला. शपथेवर."

"राजकारणी लोक..."

"राजकारणी नाही गं. पोलीस. उद्या अख्ख्या देशाचा पोलीस."

हळदीकुंकवाला आलेल्यांना तिनं दुकानातल्या वड्या दिल्या. सगळ्या गेल्यावर लॅपटॉप उघडला. तेरा वर्षांत तिनं डॅरेल हॉब्जचं नाव एकदाही शोधलं नव्हतं. तिची समजूत अशी की तिचा पहिला अहवाल फाइलमध्ये आहे, म्हणजे तो आरोपीच्या वकिलाला मिळाला असणार, कायदाच तसा आहे. मग कोर्टानं जे ठरवलं ते ठरवलं. आता तिला अपिलाचा निकाल सापडला. त्यात एक वाक्य होतं: ठशाबाबत तपासनिसांमध्ये कोणताही मतभेद नव्हता. आणि खाली लिहिलं होतं की हॉब्ज जन्मठेप भोगतो आहे.

तिनं ते वाक्य मला दाखवलं, पुन्हा दाखवलं. "मतभेद नव्हता म्हणे! मी होते ना. मी जिवंत माणूस होते तिथे." मग तिनं लॅपटॉप मिटला. नंतर म्हणाली, "मला वाटायचं मी माझं काम केलं. सही केली नाही, बस. मी फक्त स्वतःचा हात स्वच्छ ठेवला, आश्लेषा. तो माणूस आतच राहिला."

दुसऱ्या दिवशी तिनं कपाटातून तक्रारीची स्वतःची प्रत आणि ब्रॅकेटचं उत्तर काढलं. तिच्या नावे आलेलं, तिचं स्वतःचं पत्र. समितीला पाठवायला तिनं दीड पानाचा मजकूर लिहिला आणि रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला वाचून दाखवला.

यतीन चांगला माणूस आहे. पण तो एका सरकारी कंत्राटदाराकडे काम करतो आणि त्याची नोकरी सिक्युरिटी क्लिअरन्सवर, म्हणजे गोपनीय काम करायच्या सरकारी परवान्यावर, चालते. तो म्हणाला, "माझ्या क्लिअरन्सचा रिव्ह्यू चालू आहे, मीनू. उद्या हा माणूस कुठे बसणार आहे तुला कळतंय का? आपण त्याच्याविरुद्ध सिनेटमध्ये जायचं?"

"आपण नाही. मी."

"इथे 'तू' आणि 'आपण' वेगळं धरत नाही कोणी! तेव्हा का नाही बोललीस? तेव्हा सिटिझनशिपचा अर्ज आत होता म्हणून घाबरलो ना आपण दोघंही? मग आता काय बदललं?"

"तेव्हा घाबरले त्याची शिक्षा दुसऱ्यानं भोगली. ते कळलं, हेच बदललं."

त्यानंतर नऊ दिवस दोघं फक्त भाजी काय आणि कचऱ्याचा डबा कोण बाहेर ठेवणार एवढंच बोलले. हे मला दोघांनीही वेगवेगळं सांगितलं.

पत्र गेलं. आठवड्यानं समितीच्या एका वकील बाईचा फोन आला, रेचल नावाची, आवाजावरून तिशीची. तिनं तीन तास प्रश्न विचारले. तारखा, खोलीत कोण होतं, खुर्ची कुठे होती, तुम्हाला कोणी पैसे दिलेत का, तुम्ही कोणत्या पक्षाला मत देता. शेवटच्या प्रश्नाला मीनाक्षी म्हणाली, "ते मी नवऱ्यालाही सांगत नाही." समितीनं एका जादा दिवसाची सुनावणी ठरवली आणि साक्षीदारांच्या यादीत नाव छापलं: मीनाक्षी उमरेडकर, हर्नडन, व्हर्जिनिया.

नाव छापलं आणि फोन सुरू झाले. काही अनोळखी, शिवीगाळ करणारे. त्यांचं तिला काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते ओळखीच्यांचं. गिरीश एका शनिवारी सकाळी घरी आला. मंडळाचा माजी अध्यक्ष, सगळ्यांच्या अडीअडचणीला धावणारा माणूस. चहा घेतला, आणि म्हणाला, "मीनाक्षीताई, तुमचं खरं असेल. पण आपण इथे पाहुण्यांसारखे. दिवस कसे आहेत बघताय ना? एकानं आवाज केला की नजर सगळ्यांवर जाते. लेखी पाठवलंत, झालं. तब्येतीचं कारण काढा आणि जाऊ नका."

"गिरीश, तू इथे किती वर्षं आहेस?"

"एकतीस."

"एकतीस वर्षं राहिलेला पाहुणा मी तरी कुठे ऐकला नाही बा," ती म्हणाली. "मी हात वर करून या देशाची शपथ घेतलीय. तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं की ही शपथ फक्त टॅक्स भरण्यापुरती आहे. चहा आणखी देऊ?"

तो गेल्यावर तिनं मला फोन केला. आवाजात राग होता. "तब्येतीचं कारण काढा म्हणे. माझी तब्येत आत्ता ठीक झालीय."

सुनावणीच्या आदल्या दिवशी केया मॉरिसव्हिलहून पाच तास गाडी चालवत आली. ती तिकडे फार्मसिस्ट आहे, आईसारखीच कमी बोलते. जेवताना म्हणाली, "आई, दे विल बी मीन टु यू. यू नो दॅट, राइट?"

"असू दे. मी पेशंटली ऐकेन."

तेव्हा यतीन, जो त्या भांडणापासून या विषयावर मुका होता, ताटावरून मान वर न करता म्हणाला, "मी आज सकाळी आमच्या सिक्युरिटी ऑफिसरला स्वतःच सगळं सांगून आलोय. बायको साक्ष देतेय, कोणाविरुद्ध, का, सगळं. नंतर कोणी म्हणायला नको की यतीननं लपवलं. अडवायचं असेल तर अडवा म्हटलं." मग मीनाक्षीकडे बघून म्हणाला, "उद्या कॉटनची नेस. त्या खोल्यांमध्ये हीटर फार असतो."

सकाळी आम्ही चौघं मेट्रोनं निघालो, मेट्रो सेंटरला गाडी बदलून युनियन स्टेशनला उतरलो. मीनाक्षीनं गर्द निळी नारायणपेठ नेसली होती, वर यतीनचा जुना ओव्हरकोट. बाहेर बोचरी थंडी होती आणि सिनेटच्या इमारतीसमोर दोन्ही बाजूंचे लोक फलक घेऊन उभे होते. कोणी तिला ओळखलं नाही. दारावरच्या पोलिसानं तिच्या पर्समधला भिंगाचा डबा उघडून पाहिला आणि परत दिला.

खोली मोठी, लाकडी भिंतींची. समोर उंचावर अर्धवर्तुळात सिनेटर, खाली एक लांब टेबल, त्यावर माइक, पाण्याचा ग्लास आणि वेळ दाखवणारे तीन छोटे दिवे. मीनाक्षी त्या टेबलामागे फारच लहान दिसत होती. तिनं उजवा हात वर करून शपथ घेतली. मग पाच मिनिटांत जे घडलं ते सांगितलं. आवाज चढला नाही, विशेषणं वापरली नाहीत. शेवटी ब्रॅकेटचं पत्र वाचलं, तारखेसकट.

"'माझी वाजवी विनंती' असं त्यांनी लिहिलंय," ती म्हणाली. "जानेवारीत याच टेबलावर ते म्हणाले की एकदाही सांगितलं नाही. दोन्ही वाक्यं त्यांचीच आहेत. कुठलं खरं, ते त्यांना विचारा."

काही सिनेटरांनी तिचे आभार मानले. मग पांढऱ्या मिशांच्या एका सिनेटरची पाळी आली. तो ब्रॅकेटच्या बाजूचा होता आणि ते लपवायची त्याला गरज वाटत नव्हती.

"मिसेस उम... उमरेडर. बरोबर म्हटलं ना मी?"

"नाही, सर. उमरेडकर. पण दोनतीनदा म्हटलं की जमतं."

मागे कोणीतरी हसलं. त्यानं चष्मा सारखा केला. "तर तुमचं म्हणणं, तो ठसा हॉब्जचा नव्हता?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणजे होता?"

"तसंही म्हटलं नाही."

"मग तुम्ही म्हणता तरी काय?"

"सांगता येत नाही, असं म्हणते. तेव्हाही तेच लिहिलं होतं."

तो मागे रेलला. "एका माणसाचा खून झाला. त्याची विधवा न्याय मागत होती. आणि पगार घेऊन तुम्ही दिलेलं उत्तर काय, तर माहीत नाही?"

"जेव्हा माहीत नसतं तेव्हा तेच उत्तर असतं, सर. त्याच उत्तराचा मला पगार होता. ब्रॅकेटसाहेबांना मात्र खात्री होती. त्यांनी तो ठसा भिंगाखाली कधी पाहिलाच नव्हता."

माझ्या शेजारी यतीननं श्वास सोडलेला मला ऐकू आला.

सिनेटरनं कागद उलटला. "तेरा वर्षं, मॅडम. इतकं महत्त्वाचं होतं तर तेरा वर्षं गप्प का बसलात?"

मला या प्रश्नाचीच भीती होती. मीनाक्षीनं पाण्याचा एक घोट घेतला.

"घाबरले म्हणून," ती म्हणाली. "माझा नागरिकत्वाचा अर्ज आत होता, मुलगी शाळेत होती आणि मला वाटलं, फाइल आपलं काम करील. मी चुकले. सही केली नाही, पण ओरडलेही नाही. त्याबद्दल तुम्ही मला जे म्हणाल ते मी ऐकून घेईन, कारण ते खरं आहे. पण माझ्या घाबरण्यानं त्यांचं खोटं खरं होत नाही."

"आणि आता तुम्हाला इथे यायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी वड्या करत होते. टीव्हीवर त्यांनी स्वतःच आठवण करून दिली."

टेबलावरचा लाल दिवा लागला. सिनेटर म्हणाला, "माझी वेळ संपली."

"माझं वाक्य संपलेलं नाही," मीनाक्षी म्हणाली. तो थांबला, कदाचित चकित होऊनच. "मत कुठल्या बाजूनं द्यायचं हे सांगायला मी आलेली नाही. ते तुमचं काम. पण ज्याच्या हाताखाली अख्ख्या देशातल्या प्रयोगशाळांमधले लोक माना खाली घालून काम करणार आहेत, तो माणूस त्यांना काय करायला लावतो, हे तुम्हाला माहीत नव्हतं असं आजनंतर तुम्हाला म्हणता येणार नाही. एवढंच."

बाहेर कॉरिडॉरमध्ये कॅमेरे होते. ती त्यांच्यासमोरून सरळ चालत गेली आणि वळणावर भिंतीला टेकली. केयानं तिला मिठी मारली. "यू वर अमेझिंग, आई." मीनाक्षी म्हणाली, "भूक लागलीय. सकाळपासून काही खाल्लं नाही."

ब्रॅकेटचं काय झालं? त्याची नेमणूक मंजूर झाली. समितीत एका मतानं, सिनेटमध्ये दोन मतांनी. पत्राबद्दल त्यानं लेखी उत्तर दिलं की 'विनंती' या शब्दाचा चुकीचा अर्थ काढला जातो आहे. त्याच्या पक्षाच्या एका सिनेटरनं त्याला मत दिलं नाही आणि भाषणात मीनाक्षीचं नाव घेतलं, बरोबर उच्चारून. निकाल लागला त्या संध्याकाळी मी तिच्याकडे धावले, म्हटलं रडत असेल. ती कोथिंबीर निवडत होती.

"वाईट वाटतंय?"

"राग येतोय," ती म्हणाली. "वाईट वाटायला मी हरले कुठे? मी निवडणुकीला उभी नव्हते. खरं सांगायला उभी होते. ते सांगून झालं, ते आता सरकारी नोंदीत छापलंय. खोडून दाखवा म्हणावं."

यतीनचं क्लिअरन्स सात महिने अडकलं. त्याला दुसऱ्या, साध्या प्रोजेक्टवर टाकलं, मग एके दिवशी मंजुरी आली. का अडकलं आणि का सुटलं हे कोणी सांगितलं नाही. गिरीशनं गणपतीत तिला नमस्कार केला, पण जवळ आला नाही. पुढे त्याची बायको शोभना एकटीच घरी आली आणि म्हणाली, "त्यांना लाज वाटते. मला नाही वाटत, म्हणून मी आले."

खरी गोष्ट दुसरीकडेच घडत होती. सुनावणीचं चित्रण हॉब्जच्या बहिणीनं पाहिलं. विद्यार्थ्यांच्या मदतीनं गरिबांचे खटले फुकट चालवणाऱ्या एका कायदा महाविद्यालयाकडे ती गेली. त्यांनी काउंटीकडून पहिला अहवाल काढून घेतला; तो कधीच बचाव पक्षाला दिला गेला नव्हता. मीनाक्षीनं कोर्टात पुन्हा साक्ष दिली. न्यायाधीशांनी शिक्षा रद्द केली, आणि काउंटीनं खटला पुन्हा चालवणार नाही असं कळवलं. या वर्षी मार्चमध्ये डॅरेल हॉब्ज बाहेर आला, अडतिसाव्या वर्षी.

एप्रिलमध्ये त्यानं भेटायची इच्छा कळवली. महाविद्यालयाच्या एका छोट्या खोलीत भेट झाली. मी सोबत होते. रुंद खांद्यांचा, केस पांढरे व्हायला लागलेला माणूस. त्यानं हात पुढे केला, मीनाक्षीनं दोन्ही हातांत धरला.

"मला माफ करा," ती म्हणाली. "मी तेव्हाच तुमच्या वकिलाकडे यायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "यायला हवं होतं." खोटा दिलासा त्यानं दिला नाही आणि मला वाटतं तिला तो नकोच होता.

मग त्यानं विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, मी केलं होतं ते?"

तिच्या जागी मी असते तर लगेच 'नाही नाही' म्हटलं असतं.

"मला माहीत नाही, मिस्टर हॉब्ज," मीनाक्षी म्हणाली. "तो ठसा ते सांगू शकत नव्हता, आणि मी तुम्हाला त्याआधी ओळखत नव्हते."

त्यानं तिच्याकडे एकटक पाहिलं. मग हळूच हसला. "मी केलं नव्हतं," तो म्हणाला. "पण चौदा वर्षांत भेटलेल्या प्रत्येकाला माझ्याबद्दल खात्री होती. खात्री नव्हती ती एक तुम्हालाच."

आता ती कॉलेजच्या लॅबमधून निवृत्त झाली आहे आणि त्या महाविद्यालयातल्या मुलांना आठवड्यातून दोनदा ठसे वाचायला शिकवते. ब्रॅकेट त्याच्या खुर्चीवर आहे. पण तिला पत्रं येतात, वेगवेगळ्या राज्यांतून, बहुतेक बायकांची.

गेल्या मंगळवारी मी तिच्याकडे बसले होते तेव्हा असाच एक फोन आला. दूरच्या एका राज्यातली, कुठल्याशा छोट्या काउंटीच्या प्रयोगशाळेतली मुलगी. स्पीकरवर तिचा दबका आवाज येत होता. साहेब सही मागताहेत, ती म्हणत होती, आणि मी सांगितलंय की मी करणार नाही. मी बरोबर केलं ना?

"अर्धं," मीनाक्षी म्हणाली. "आता नीट ऐक. कागद घे. आज तारीख घालून सगळं लिहून काढ, कोण काय बोललं ते शब्दाला शब्द. मग आरोपीचा वकील कोण आहे ते शोध आणि तुझा अहवाल त्याच्यापर्यंत पोचलाय का ते विचारायला सरकारी वकिलाला लेखी पत्र टाक. उद्या नाही, आज. आणि हो, तुला भीती वाटतेय का?"

पलीकडून बारीक आवाजात "हो" आलं.

"वाटू दे," मीनाक्षी म्हणाली. "पेन घेतलंस?"